विडी-सिगारेट सोडायला मोफत निकोटिन गम: कुठे आणि कसा मिळतो

निकोटिन गम म्हणजे विडी-सिगारेटची तलफ भागवणारं चघळायचं औषध. त्यासाठी ऑनलाइन अर्ज नाही, उत्पन्नाच्या दाखल्याची अटही नाही. फॉर्म भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं, गम तिथेच मिळतो. बरेचदा ते दंत विभागाला जोडलेलं असतं, म्हणून केस पेपर काढतानाच खोली विचारा. आधार कार्ड, मोबाइल आणि सुरू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरही मोफत आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना हा निर्णय लागू नाही.

गम कायम साठ्यात असतोच असं नाही. धारणीहून अमरावती किंवा भामरागडहून गडचिरोली म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी बुडते. निघण्याआधी आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना साठ्याची चौकशी करायला सांगा.

समुपदेशक विचारतील: दिवसाला किती विड्या, झोपेतून उठल्यावर पहिली किती वेळात? खर्राही (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असाल तर तोही सांगा. लाजेपोटी आकडा कमी सांगितला की डोस कमी पडतो, तलफ भागत नाही आणि पाय पुन्हा पानठेल्याकडे वळतात. पहिली विडी अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सहसा ४ मिलिग्रॅमचा गम देतात, नाहीतर २ मिलिग्रॅमचा. गरोदर स्त्रिया, १८ वर्षांखालची मुलं आणि नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: गम खर्र्यासारखा सतत चघळला जातो. मग निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, छातीत जळजळ होते आणि पाकीट कोपऱ्यात पडतं. सावकाश चावा, तिखट चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबून गालात दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. एक गम साधारण अर्धा तास पुरतो. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा नको, चहामुळे निकोटिन नीट शोषलं जात नाही.

पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढे हळूहळू कमी करत १२ आठवड्यांपर्यंत. दिवसात २४ च्या वर कधीच नाही. पहिलं पाकीट संपायच्या आत तोच केस पेपर घेऊन पुन्हा जा. मधल्या दिवसांत तलफ अनावर झाली तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशकाशी बोलता येतं.