उचल घेतली म्हणजे मजूर बांधला गेला का?

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर दिवाळीच्या सुमारास ट्रक लागतो आणि भांडीकुंडी, कोंबड्या, कडेवरचं पोर घेऊन माणसं गुजरातेत ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीचं एक एकक, धरला जातो आणि उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत अंगठ्यासह नोंदलेली असते. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही आणि बाप खचला तर पोराने फेडायची, असा समज खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो चुकीचा आहे.

उचल घेणे हा गुन्हा नाही. मात्र तिच्यापोटी मजुराचे जाण्या-येण्याचे किंवा दुसरे काम धरण्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले, तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानुसार ते कर्जच संपुष्टात येते, आणि अशी वेठ लादणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सक्ती म्हणजे केवळ मारहाण किंवा कुलूप नव्हे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हीसुद्धा संविधानाच्या कलम २३ खालील वेठच ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात स्पष्ट केले.

अशा मजुराची सुटका व पुनर्वसन ही जिल्हाधिकाऱ्यांची कायदेशीर जबाबदारी आहे. साखर विकत घेणाऱ्या कंपन्या मजुरांच्या स्थितीची जी तपासणी करतात, ती मात्र बहुधा कारखान्याच्या फाटकाशी थांबते. माझ्या मते त्यांनी पहिल्यांदा मागायला हवी ती मुकादमाची वही, कारण उचल किती, तोड किती टन आणि खाड्यापोटी काय कापले, हे तिथेच लिहिलेले असते.