मकावला दुसऱ्या देशात नेताना: साइट्स परवाना, पात्रता, कागदपत्रे आणि पक्ष्याची तयारी

मकाव म्हणजे लांब शेपटीचा रंगीत पोपट. मोठा मकाव नीट सांभाळला तर पन्नास-साठ वर्षे जगतो. एवढ्या काळात मालकाची नोकरी बदलते, कधी देशही बदलतो. मग कळते की घरात वाढलेल्या, हातावर बसणाऱ्या पक्ष्यालाही सीमा ओलांडायला स्वतःचे कागद लागतात. साइट्स हा धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार. १९७५ पासून लागू असलेल्या या करारात १९८१ मध्ये जवळपास सगळे पोपटवर्गीय पक्षी आले. बजरीगर, कॉकाटिएल, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि कंठवाला पोपट असे मोजके पक्षी त्यातून वगळले आहेत. मकावची एकही जात या वगळलेल्यांत नाही.

अर्ज भरायला घ्याल त्याच दिवसापासून पक्ष्यालाही प्रवासासाठी शिकवायला सुरुवात करा. परवान्याला मुदत असते, आणि पेटीत न शिरणाऱ्या मकावसाठी ती कोणी वाढवून देत नाही.

आधी जात नक्की करा

पुढची सगळी प्रक्रिया जात कराराच्या कोणत्या परिशिष्टात, म्हणजे यादीत, आहे यावर ठरते. परिशिष्ट १ चे नियम २ पेक्षा कडक. हायसिंथ, स्कार्लेट, मिलिटरी, ग्रेट ग्रीन, रेड-फ्रंटेड, ब्लू-थ्रोटेड, ब्लू-हेडेड, इलिगर आणि स्पिक्स हे मकाव परिशिष्ट १ मध्ये आहेत. ब्लू अँड गोल्ड, ग्रीनविंग, सिव्हिअर, यलो-कॉलर्ड, रेड-बेलीड आणि हान्स परिशिष्ट २ मध्ये.

सगळ्यात जास्त घोळ लाल मकावांत होतो. खरेदीच्या पावतीवर नुसते ‘लाल मकाव’ लिहिलेले असते, आणि स्कार्लेट व ग्रीनविंग दोन्ही लालच. पक्षी समोर घेऊन पंख बघा. वरच्या लाल पिसांखाली पिवळा पट्टा असेल तर स्कार्लेट, हिरवा पट्टा असेल तर ग्रीनविंग. ग्रीनविंगच्या गोऱ्या गालावर बारीक लाल पिसांच्या ओळी असतात. स्कार्लेटचा गाल जवळजवळ कोरा दिसतो. स्कार्लेट परिशिष्ट १ मध्ये आहे, ग्रीनविंग २ मध्ये, त्यामुळे चुकीच्या नावाचा परवाना त्या पक्ष्याला चालत नाही.

संकरित पक्ष्याला कडक बाजूचा नियम लागतो. मागच्या चार पिढ्यांत परिशिष्ट १ मधला पूर्वज असेल तर पक्षी परिशिष्ट १ मधलाच धरतात. ब्लू अँड गोल्ड आणि स्कार्लेट यांचा कॅटलिना म्हणून परिशिष्ट १ मध्ये जातो. ब्लू अँड गोल्ड आणि ग्रीनविंग यांचा हार्लेक्विन परिशिष्ट २ मध्ये राहतो. अर्जात दोन्ही पालकांची शास्त्रीय नावे लिहावी लागतात.

पात्रता

पक्षी कायदेशीर मार्गाने तुमच्याकडे आला, हे दाखवता आले पाहिजे. तो किती वर्षे घरात आहे याने ही अट सुटत नाही. परवान्यावर उगमाचा संकेत असतो: जंगलातून पकडलेला डब्ल्यू, बंदिस्त प्रजननातला सी, बंदिवासात जन्मलेला पण बंदिस्त प्रजननाच्या व्याख्येत न बसणारा एफ, आणि जात करारात येण्याआधी मिळवलेला ओ. सी आणि एफ यांतला फरक अर्जदार हमखास विसरतात. सी मिळण्यासाठी नुसता पिंजऱ्यातला जन्म पुरत नाही. पालकांची मूळ जोडी कायदेशीर हवी, आणि तो प्रजननसाठा (पिल्ले घेण्यासाठी ठेवलेले पक्षी) दुसऱ्या पिढीपर्यंत पोचलेला किंवा पोचू शकणारा हवा. म्हणून प्रजनन करणाऱ्याकडून पालकांच्या पायातल्या कड्यांचे क्रमांक खरेदीच्या वेळीच लेखी घ्या. तो व्यवसाय बंद झाला की हा कागद पुन्हा मिळवणे फार अवघड असते.

कागदपत्रे

उगमाचा पुरावा म्हणून प्रजनन प्रमाणपत्र, खरेदीची पावती किंवा भेटपत्र लागते. तुमच्या देशात नोंदणीची सक्ती असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, आणि पक्षी पूर्वी आयात झाला असेल तर त्या वेळच्या परवान्याची प्रत लागते, कारण तेव्हा साधा निर्यात परवाना न मिळता पुनर्निर्यात प्रमाणपत्र मिळते. त्याशिवाय मालकाचे ओळखपत्र, दोन्ही देशांतले पत्ते, पक्ष्याचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो आणि ओळखखूण.

ओळखखुणेसाठी सर्वात विश्वासार्ह गोष्ट म्हणजे पायातली बंद कडी. ती पिल्लू काही आठवड्यांचे असतानाच पंजातून सरकवता येते, नंतर नाही. म्हणूनच ती बंदिस्त जन्माचा पुरावा मानतात. उघडून बसवलेल्या कडीला तेवढे वजन नाही. कडी नसेल तर पशुवैद्यक छातीच्या डाव्या स्नायूत मायक्रोचिप बसवतात. आयएसओ मानकाची, १५ अंकी चिप घ्या, नाहीतर दुसऱ्या देशातल्या वाचकयंत्रावर ती दिसेलच असे नाही. नर-मादी बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे लिंगाच्या रकान्यात अंदाज लिहू नका: डीएनए अहवाल जोडा किंवा ‘अज्ञात’ लिहा.

अर्जाचा क्रम

सुरुवात जिथे जायचे आहे त्या देशापासून करा. परिशिष्ट १ साठी आधी त्या देशाच्या व्यवस्थापन प्राधिकरणाचा (साइट्सचे परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयाचा) आयात परवाना लागतो. पक्ष्याला ठेवण्याची आणि सांभाळण्याची योग्य सोय आहे का, हे तिथले वैज्ञानिक प्राधिकरण पाहते, म्हणून पिंजऱ्याची मापे आणि फोटो तयार ठेवा. त्यानंतरच तुमचा देश निर्यात परवाना देतो. सी संकेताचा घरगुती पक्षी असेल तर या दोन्हींऐवजी बंदिस्त प्रजननाचे प्रमाणपत्र चालू शकते. परिशिष्ट २ साठी करारानुसार निर्यात परवाना पुरतो. मात्र करार प्रत्येक देशाला जास्त कडक नियम करण्याची मुभा देतो, आणि कित्येक देश परिशिष्ट २ साठीही आयात परवाना मागतात. तिथल्या प्राधिकरणाकडून हे लेखी विचारून घ्या.

निर्यात परवाना जास्तीत जास्त सहा महिने चालतो, आयात परवाना बारा महिने. पशुवैद्यकीय आरोग्य प्रमाणपत्राची मुदत मात्र अगदी थोड्या दिवसांची असते. त्यासाठीच्या बर्ड फ्लू, सिटॅकोसिस (पोपटांकडून माणसालाही होणारा संसर्ग) अशा तपासण्या आणि विलगीकरणाचे दिवस मागे मोजत आलात तरच तारखा जुळतात. बर्ड फ्लूची साथ आली की पक्ष्यांची आयात अचानक थांबते, म्हणून बदलता येईल असेच तिकीट घ्या.

वारंवार ये-जा असेल तर मालकी प्रमाणपत्राबद्दल विचारा. ते तीन वर्षांपर्यंत चालते आणि अनेक फेऱ्यांना पुरते, पण दोन्ही देशांनी ते मान्य करायला हवे. परदेशात असताना पक्षी विकता किंवा कोणाला देता येत नाही.

पक्ष्याची तयारी

मकावची चोच लाकूड सहज फोडते, त्यामुळे पेटी भक्कम हवी आणि हवेच्या भोकांना धातूची जाळी हवी. विमान कंपन्या आयाटा या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे जिवंत प्राण्यांसाठीचे नियम लावतात. ब्लू अँड गोल्डची लांबी ८० ते ९० सेंटिमीटर असते आणि त्यातली बरीचशी शेपटी, म्हणून दांडी अशा उंचीवर बसवा की पक्षी ताठ बसेल आणि शेपटी तळाला मुडपणार नाही.

दोन महिने हाताशी ठेवा. आधी पेटीचे दार काढून ती पिंजऱ्याजवळ नुसती ठेवा. मकाव नव्या वस्तूला घाबरतो. तो तिच्याकडे बघत निवांत खाऊ लागेपर्यंत पुढे जाऊ नका. मग काडीच्या टोकाला चोच लावायला शिकवा, लावली की लगेच बदामाचा तुकडा द्या, आणि काडी थोडी थोडी पेटीच्या आत सरकवत न्या. पाच मिनिटांचे सत्र, दिवसातून दोनदा. आत स्वतःहून वळू लागला की दार लावा, सुरुवातीला तीन-चार सेकंदच. त्यानंतर पेटी उचलणे, आणि मग गाडीतली छोटी फेरी. एकदा जरी धरून आत कोंबलेत तरी तो पेटी आणि हात दोन्ही टाळू लागतो, चावतो, आणि काम पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

त्याच काडीने पाय पुढे करायलाही शिकवा. कडीवरचा क्रमांक वाचायला अधिकाऱ्याला पंजा स्थिर हवा असतो. टॉवेलमध्ये गुंडाळून घ्यायची सवयही तपासणीच्या बरीच आधी लावा. गुंगीचे औषध देऊ नका. उंचीवर श्वास आणि तोल दोन्ही बिघडू शकतात.

विमानतळावर

बऱ्याच देशांत असे पक्षी ठरलेल्या विमानतळांवरूनच नेता-आणता येतात. परवान्याची मूळ प्रत सोबत ठेवा, आणि निघताना सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून त्यावर प्रत्यक्ष संख्या, शिक्का व सही घ्या. हा रकाना कोरा राहिला तर उतरल्यावर पक्षी अडवून ठेवला जाऊ शकतो, आणि मागाहून परवाना सहसा मिळत नाही. गळलेली पिसे आठवण म्हणून सामानात टाकू नका. करारात पिसेही येतात आणि त्यांनाही परवाना लागतो. उतरल्यावर मूळ परवाना अधिकारी ठेवून घेतात, म्हणून शिक्क्यासकट प्रत आधीच काढा. पुढे परत यायचे झाले तर पुनर्निर्यातीच्या अर्जाला हीच प्रत जोडावी लागते.