वाडा विकला की सगळा पैसा घरातच घालावा लागतो?

जळगावात कुणी वाडा विकून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचं म्हटलं की पारावर एक सल्ला ठरलेला: "आलेली सगळी रक्कम नव्या घरात घाला, नाहीतर उरलेल्यावर टॅक्स!" या भीतीपोटी दोन म्हातारी माणसं पुन्हा तीन बेडरूमचं घर झाडत बसतात.

हे खरं नाही. घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमचं असेल, तर सवलतीसाठी फक्त नफ्याची रक्कम घरात गुंतवायची असते. समजा घर ८० लाखांना गेलं, हिशेबाने नफा ४० लाख. ४५ लाखांचा फ्लॅट घेतला की कर शून्य, उरलेले ३५ लाख मोकळे. मुदत मात्र पाळा: विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, बांधणार असाल तर तीन वर्षं. नवं घर तीन वर्षं विकू नका.

आणि माळ्यावरचे पितळी हंडे, शिसवी कपाट, भरीत ठेचायचं लाकडी भांडं? घरगुती वापराच्या अशा वस्तू विकल्या तर भांडवली नफ्याचा कर लागतच नाही. दागिन्यांना ही सूट नाही.