थंडीतला घाट आणि मागच्या चाकांची पकड

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात आणि त्या शनिवार-रविवारी पसरणी घाटात पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. त्यात हल्ली स्पोर्ट्स कारही बऱ्याच दिसतात. गाडीला हिवाळ्याची काही तयारी केली का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘आपल्याकडं रस्त्यावर कुठं बर्फ पडतो?’

हे अर्धं बरोबर आहे. गवताचं पातं पातळ असतं. निरभ्र रात्री ते आपली उष्णता आकाशाकडं सोडून देतं आणि आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतं, म्हणून दव तिथं गोठतं. डांबर दिवसभराची ऊब धरून ठेवतं, त्यामुळं रस्ता सहसा गोठत नाही. पण टायरच्या रबराचा हिवाळा शून्याच्या बराच आधी सुरू होतो, आणि मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत त्याचा पहिला फटका मागच्या टायरांना बसतो.

पद्मिनी आणि अँबेसिडर मागच्या चाकांवर चालायच्या. 1983 साली मारुती 800 आली, आणि हळूहळू आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर गेल्या. त्यामुळं आज मस्टँग किंवा बीएमडब्ल्यू हातात घेणाऱ्या अनेकांची सवय पुढच्या चाकांची असते. पुढच्या चाकांची गाडी वळणावर जास्त रेस दिली की सरळ जायला बघते. मागच्या चाकांची गाडी तीच चूक केल्यावर शेपूट मारते.

आता रबराकडं येऊ. शाळेत आपण शिकतो की घर्षण फक्त वजनावर आणि पृष्ठभागावर अवलंबून असतं. लाकडी ठोकळ्याला हे बऱ्यापैकी लागू पडतं, रबराला नाही. डांबरातून वर आलेल्या खडीच्या एका टोकाकडं अगदी जवळून पाहा. टायर त्यावर दाबला जातो आणि रबर त्या टोकाभोवती खळग्यात उतरतं. टायर किंचित घसरला की खडीच्या पुढच्या अंगाचं रबर दाबलं जातं आणि मागच्या अंगाला त्यानं लगेच पूर्वपदावर यायला हवं. ते लगेच येत नाही, थोडं रेंगाळतं. त्यामुळं पुढून रेटा जास्त आणि मागून कमी असा फरक पडतो, आणि हा फरकच गाडीला धरून ठेवतो. रबराचे रेणू म्हणजे गुंतलेल्या लांबलचक साखळ्या. त्या एकमेकींवरून सरकताना ऊर्जा उष्णतेत जाते. ओल्या रस्त्यावर तर पकडीचा मोठा वाटा या रेंगाळण्यातूनच येतो, कारण पाण्याच्या थरामुळं रबराला दगडाला थेट चिकटता येत नाही.

तापमान उतरलं की या साखळ्यांची हालचाल मंदावते. आणखी उतरलं तर रबर काचेसारखं कडक होतं. त्या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात. नैसर्गिक रबरासाठी ते उणे 70 अंशांच्या आसपास असतं. मग साताऱ्याच्या 10 अंशांत काय बिघडतं? इथं वेळेचा खेळ आहे. टायर सेकंदाला एक मीटर घसरत असेल आणि खडीचे उंचवटे एक-एक मिलिमीटरवर असतील, तर रबराला सेकंदाला हजार वेळा दबून परत यावं लागतं. इतकी घाई असली की साखळ्यांना हलायला सवड मिळत नाही, आणि रबर प्रत्यक्षापेक्षा कितीतरी थंड असल्यासारखं वागतं. स्पोर्ट्स कारच्या टायरचं मिश्रण गरम रस्त्यासाठी बनवलेलं असतं, त्याचं काचसंक्रमण तापमान मुळातच वरचं. म्हणून 7 अंशांखाली असे टायर वापरू नका, असा ढोबळ नियम आहे. 7 ही काही रेघ नाही. 15 वरून 10 वर येतानाच पकड कमी होऊ लागलेली असते. ट्रॅकवरचे जवळपास गुळगुळीत टायर तर चांगले तापल्याशिवाय धरतच नाहीत. ते लावून पहाटे घाटात जाऊच नये.

या उरलेल्या पकडीची वाटणी पायथागोरसच्या नियमानं होते. एकूण पकड 5 धरा. पुढं ढकलण्यात 4 खर्च झाली, तर वळणावर बाजूला धरायला 1 उरत नाही, 3 उरते. पण 5 पैकी पूर्ण 5 रेस देण्यात गेली तर बाजूला शून्य. मागच्या टायरला ढकलणं आणि धरणं ही दोन्ही कामं एकदम करावी लागतात. थंडीत त्या 5 चे 4 झालेले असतात आणि पाय मात्र सवयीनं 4 चीच रेस देतो.

टायरमधली हवाही कमी होते. साताऱ्यात दुपारी 30 अंशांना 32 पीएसआय भरली, तर पहाटे 10 अंशांना गेज साधारण 29 दाखवेल. बंद हवेचा दाब तापमानाबरोबर चढतो-उतरतो हा गे-ल्युसॅकचा नियम तो हाच, फक्त गणित करताना बाहेरच्या हवेचा दाब मिळवायचा आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायचं. महाबळेश्वरला पोचल्यावर बाहेरचा दाब सुमारे 1 पीएसआयनं उतरतो, म्हणून तिथं गेज 30 दाखवतो. हवा पहाटे, गाडी हलवायच्या आधी तपासा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच ठेवा. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो, गेज दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो आणि भरणारा हवा सोडून देतो. नायट्रोजन भरला की हे टळतं, असं सांगून पैसे घेतले जातात. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच आहे आणि दोन्हींना नियम एकच आहे. बंपरला लिंबू-मिरची बांधून निघणाऱ्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं की त्यातली पाच मिनिटं गेजला द्या.

टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्यावर कोरलेले असतात. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचं रबर खाचा शिल्लक असल्या तरी कडक झालेलं असतं. कायद्यानं खाच 1.6 मिलिमीटर चालते, पण दवानं ओल्या घाटासाठी 3 च्या खाली जाऊ नका. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावा, आणि मागची जोडी एकाच कंपनीची, एकाच नक्षीची हवी. डिक्कीत वाळूची पोती टाकायचा सल्ला बर्फाळ देशातला आहे. इथल्या वळणांवर ते मागचं वजन लंबकासारखं गाडीला बाहेर ओढतं.

बाकीची तयारी थोडक्यात. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दाखवायला हवी. 12.2 दाखवत असेल तर ती अर्धीच भरलेली आहे आणि पहाटे सेल्फ मारताना दगा देईल. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं घाला. बोअरचं पाणी नको, क्षार साठतात. काच आतून धुरकटली तर गरम हवेसोबत एसीही चालू करा, तो हवेतली वाफ काढून घेतो.

आणि आपल्या सातारा-सांगली जिल्ह्यांतला खास धोका म्हणजे ऊस. गाळप हंगाम ऐन थंडीत असतो. कराड-विटा काय किंवा सांगली-तासगाव काय, ट्रॉल्यांतून पडलेलं पाचट आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली काळी माती रस्त्यावर असते. त्यावर दव पडलं की पहाटे तेलकट पातळ चिखल होतो. एक मागचं चाक त्यावर आणि दुसरं कोरड्या डांबरावर असताना रेस दिली, तर साध्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनची ताकद दोन मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरांच्या जोडणीत) घसरणारं चाकच गरगर फिरतं. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला आपोआप आवरणारी यंत्रणा, बंद करू नका.

निघाल्यावर पहिले आठ-दहा किलोमीटर टायर तापू द्या. चढावर वजन मागच्या चाकांवर येतं, त्यामुळं गाडी अंगाला लागल्यासारखी वाटते. मग पाचगणीत तासभर नाश्ता होतो, टायर पुन्हा गार होतात आणि समोर उतार असतो. उतारावर वजन पुढं सरकलेलं असतं, मागची चाकं हलकी झालेली असतात, आणि इंजिनचा ब्रेक फक्त त्याच चाकांवर लागतो. वळणात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येऊन क्लच झटक्यात सोडला की मागची बाजू फेकली जाते. गिअर वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना उतरवा आणि क्लच सावकाश सोडा.