महागाई भत्ता वाढला, मग हातात एवढेच का आले?
(आमच्याकडे पेन्शन आणि पगारपत्रकाचे काम देणाऱ्या ग्राहकांसाठी)

भत्ता समजा 53 वरून 55 टक्के झाला (केंद्राचा जानेवारी 2025 पासून झाला तसा) की अनेकजण हातात येणाऱ्या रकमेवर 2 टक्के धरतात. हिशेब तिथेच चुकतो. वाढ मूळ पेन्शनवर धरायची.

आणि मूळ म्हणजे विक्रीआधीची (विक्री म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याचे एकरकमी पैसे घेणे). मूळ पेन्शन 20,000, त्यातली 40 टक्के, म्हणजे 8,000 विकली, उरली 12,000. भत्ता मात्र 20,000 वरच: 55 टक्क्यांनी 11,000. हातात 23,000. बँकेने 12,000 वर लावला तर 6,600 च येतात, दरमहा 4,400 चा खड्डा. पासबुकात नुसती एकूण रक्कम दिसते, म्हणून हे लवकर ध्यानात येत नाही. पीपीओवरची (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरची) मूळ रक्कम काढा, टक्क्यांनी गुणा, उरलेली पेन्शन मिळवा. जुळले नाही तर पीपीओची प्रत जोडून लेखी अर्ज द्या: केंद्राची पेन्शन असेल तर बँकेत, राज्याची असेल तर कोषागारात (रत्नागिरी किंवा ओरोस). मुंबईत नोकरी करून गावी आलेल्यांचे खाते अजून तिकडच्याच शाखेत असले तरी अर्ज टपालाने चालतो. पोच मात्र जपून ठेवा.

विकलेला भाग 15 वर्षांनी परत सुरू होतो. तेव्हा वरचे 8,000 वाढतील, भत्ता आहे तेवढाच राहील.

केंद्राचा दर जानेवारी आणि जुलैपासून लागू होतो. आधीच्या 12 महिन्यांच्या औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची सरासरी घेतात, अपूर्णांक सोडून देतात. घोषणा उशिरा होते, म्हणून फरक थकबाकी म्हणून येतो. राज्याचा शासन निर्णय त्याच्याही मागून. गणपतीचा खर्च या थकबाकीच्या भरवशावर ठरवू नये, असे आमचे मत.

लोटे औद्योगिक वसाहतीतल्या किंवा इतर खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्यांना भविष्य निर्वाह निधीची पेन्शन (ईपीएस-95) असते. तिला महागाई भत्ता नाही. अर्ज करून उपयोग नाही.

हॉटेल-दुकानमालकांसाठी: किमान वेतनातला विशेष भत्ताही (हाच त्यातला महागाई भत्ता) वर्षातून दोनदा बदलतो. वाढ ‘इतर भत्ता’ या रकान्यात टाकू नका. मूळ वेतन अधिक विशेष भत्ता यावर 12 टक्के भविष्य निर्वाह निधी कापायचा असतो (सक्तीची मर्यादा महिना 15,000 रुपये वेतन). रकाना चुकला की तपासणीत फरक व्याजासह भरावा लागतो, आणि कामगाराची ग्रॅच्युइटीही कमी निघते, कारण तीही मुख्यतः शेवटचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यावर मोजतात.