गरम हवा आणि 42 अंशांचं वळण

वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींच्या बंदिस्त ट्रॅकवर, वळणाच्या तळाशी उभं राहिलं की समोर रस्ता दिसतच नाही, दिसते ती लाकडी भिंत. 2012च्या लंडन ऑलिंपिकसाठी बांधलेल्या ट्रॅकला वळणावर 42 अंशांचा उतार आहे. पायी चढायचं म्हटलं तर हात टेकावे लागतील. सरळ पट्टाही सपाट नाही, तिथेही 12 अंशांचा कल आहेच.

एवढा उतार कशाला? वळताना सायकल आत झुकते. किती झुकायचं हे वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात, स्वाराच्या वजनाचा त्यात संबंध नाही. त्रिज्या 22 मीटर धरून गणित केलं, तर ताशी 50 किलोमीटरला झुकाव भरतो बरोबर 42 अंश. म्हणजे या वेगाला चाकं फळ्यांवर काटकोनात उभी राहतात आणि टायरला बाजूला सरकायची ओढच उरत नाही. ताशी 70 किलोमीटरला हाच झुकाव 60 अंशांवर जातो आणि अंगावर दुप्पट वजन आल्यासारखं वाटतं. उलट वेग फारच पडला, तर स्वार उतारावरून खाली घसरतो. त्यात या सायकलींना ब्रेक नसतात, आणि चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतंच राहतं.

मला सगळ्यात गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. झुकलेल्या स्वाराचं शरीर चाकांच्या आतल्या बाजूला असतं, त्यामुळे वळणावर ते चाकांपेक्षा लहान वर्तुळात फिरतं. परिणाम असा, की जोर तेवढाच लावूनही वळणात शिरताच चाकांचा वेग वाढतो आणि सरळ पट्ट्यावर पुन्हा उतरतो. प्रत्येक फेरीत दोनदा!

ऑलिंपिकच्या ट्रॅकची फेरी 250 मीटरची असते. ती मोजतात तळालगतच्या काळ्या रेषेवर. सगळी फेरी तिच्या मीटरभर वरून मारली, तर चार-पाच मीटर जास्तीचे पडतात.

पण लाकडाइतकीच महत्त्वाची असते आतली हवा. या वेगाला स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. गरम हवा विरळ असते, म्हणून लंडनमध्ये स्पर्धेच्या वेळी ट्रॅकजवळचं तापमान 28 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं होतं. 20 अंशांच्या हवेपेक्षा ही हवा पावणेतीन टक्क्यांच्या आसपास विरळ. ऐकायला किरकोळ वाटतं, पण इथे पदकं सेकंदाच्या हजाराव्या भागावरही ठरतात.

हवेचा दाब मात्र हीटर लावून कमी होत नाही. 2015च्या जूनमध्ये ब्रॅडली विगिन्सने याच ट्रॅकवर तासाभरात 54.526 किलोमीटर कापून विक्रम केला, तेव्हा बाहेर दाब चांगलाच चढलेला होता, म्हणजे हवा दाट. चार वर्षांनी बेल्जियमच्या व्हिक्टर कॅम्पेनार्ट्सने तो मोडायला मेक्सिकोतलं आग्वासकालिएन्तेस गाठलं. तिथला ट्रॅक समुद्रसपाटीपासून 1,800 मीटरहून उंच आहे. आकडा निघाला 55.089.