शाळेचं मैदान आणि शेजाऱ्यांची धास्ती: मागची गोष्ट

शाळा शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर मैदान करणार अशी कुणकुण लागली, की सोसायटीत आधी हरकतीच्या अर्जावर सह्या सुरू होतात. आवाज, धूळ, फुटणाऱ्या काचा, रात्रीचे फ्लडलाइट, गेटसमोर लागणाऱ्या गाड्या. मुलांच्या खेळाला माणसं एवढी का घाबरतात, म्हणून मला पूर्वी राग यायचा. दादरच्या शिवाजी पार्कचा इतिहास वाचल्यावर तो बराच ओसरला.

हे मैदान मुंबई महापालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा ते माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने आजचं नाव मिळालं. भोवती घरं आणि शाळा उभ्या राहिल्या. क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर शारदाश्रम शाळेच्या मुलांचा सराव इथेच घ्यायचे. तेंडुलकर-कांबळी यांची १९८८ ची ६६४ धावांची भागीदारी आझाद मैदानावर झाली, पण त्या दोघांचे हात बसले ते इथल्या नेटमध्ये.

आणि रहिवासी कोर्टात गेले ते या क्रिकेटविरुद्ध नव्हे. त्यांची तक्रार होती सभांच्या लाउडस्पीकरची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्या भोवती किमान १०० मीटरपर्यंत जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० वर येते. याच नियमांच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवलं. पुढे राज्य सरकारने वर्षातले ४५ दिवस खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना मोकळे करून दिले. मैदान एकदा झालं की तिथे आणखी काय काय होईल ते आपल्या हातात राहत नाही, ही धास्ती अशी अनुभवातून आलेली आहे.

या धास्तीचं दुसरं मूळ शहराच्या विकास आराखड्यात आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं, की आराखड्यात आरक्षित केलेली जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण सुटतं. खेळाच्या मैदानासाठी ठेवलेल्या जागा अशाही हातच्या गेल्या. मग उरलेल्या एका मैदानावर सगळा भार येतो: सकाळी शाळा, संध्याकाळी कोचिंग, रविवारी टूर्नामेंट आणि लग्नसराईत मांडव. शेजाऱ्यांना त्रास होतो तो या भाराचा.

शाळेची बाजूही तितकीच खरी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवंच, असं म्हटलं आहे. हरियाणातल्या एका शाळेच्या जागेवरच्या अतिक्रमणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तेच बजावलं. पी.टी.च्या तासाला वर्गाबाहेरच्या पॅसेजमध्ये कवायत करणारी मुलं मी पाहिली आहेत; हात पसरले की शेजारच्याला लागतात. मैदान झालंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण धुळीची तक्रार किरकोळ म्हणून उडवून लावू नये. शिवाजी पार्कभोवतीचे लोक लाल मातीबद्दल वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. सकाळी पुसलेली खिडकीची पट्टी दुपारी पुन्हा लाल होते, वाळत घातलेली पांढरी चादर परत धुवावी लागते, घरात दम्याचं माणूस असेल तर खिडकीच बंद ठेवावी लागते. पाणी रोज मारणार की उद्घाटनापुरतं, टँकरचा खर्च कोणाच्या अंगावर, हे आधीच ठरायला हवं.

जाळी किती उंच, दिवे किती वाजता बंद, गाड्या कुठे लावायच्या, हे प्रश्न एका बैठकीत सुटण्यासारखे आहेत. खरी गाठ एकाच प्रश्नाशी आहे: मैदान भाड्याने देणार का? शाळेने ‘नाही’ असं लेखी दिलं आणि ते मंजुरीच्या अटींमध्ये घालून घेतलं, तर हरकतीच्या अर्जावरच्या निम्म्या सह्या तिथेच गळतील असं मला वाटतं.